हिशेब करणाऱ्या पोरी

किशोरवयीन कादंबऱ्यांतल्या आवडत्या नायिका कोणत्या, असा विषय निघाला की लोक धनुष्य, तलवार, जादूची छडी असं काहीतरी हातात असलेल्या पोरींची नावं घेतात. घेऊ देत. माझी आवड जरा रुक्ष आहे. डब्यात पीठ किती उरलंय, कुणाचं देणं राहिलंय आणि पुढच्या महिन्याचं काय, हे जिच्या डोक्यात सतत चालू असतं ती पोरगी मला आवडते. शूरपणाचं नंतर बघू.

कॅटनिस एव्हरडीनचंच घ्या. सुझान कॉलिन्सची 'द हंगर गेम्स' २००८ साली आली, मग सिनेमे आले आणि कॅटनिस म्हणजे धनुष्यबाण असं समीकरणच झालं. उरलेल्यांनी ती गेलची होणार की पीटाची, यावर वर्षं घालवली. कादंबरीच्या सुरुवातीलाच जे गणित मांडलंय त्याबद्दल मात्र कुणी बोलताना दिसत नाही. बाराव्या वर्षी प्रत्येक लेकराच्या नावाची एक चिठ्ठी सोडतीत पडते. ज्याचं नाव निघेल त्यानं मरायच्या खेळात उतरायचं. घरात खायला नसेल तर जादा चिठ्ठ्या टाकायची 'सोय' आहे. एका जादा चिठ्ठीमागे एका माणसाचं वर्षभराचं धान्य आणि तेल, तेही जेमतेम. आणि चिठ्ठ्या कधी कमी होत नाहीत, दरवर्षी आधीच्यांत भर पडते. कॅटनिसचा बाप खाणीतल्या स्फोटात गेलेला, आई खचून बसलेली, धाकटी बहीण प्रिम. तीन खाणारी तोंडं म्हणजे तीन जादा चिठ्ठ्या.

मी बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवते. दिवाळी झाली की आमच्याकडच्या कितीतरी पोरींचे आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्याकडे जातात आणि पोरी आजीजवळ राहतात. स्वयंपाक, धाकटी भावंडं, शेळी, सगळं त्यांच्याच गळ्यात. एकदा ऑफ तासाला नववीच्या मुलींना ही गोष्ट सांगत होते. चिठ्ठ्यांपाशी आले तशी मागच्या बाकावरची एक उठली, फळ्यापाशी आली आणि तिनं आकडे मांडले. बाराव्या वर्षी ४, तेराव्या वर्षी ८, मग १२, १६, सोळाव्या वर्षी २०. पुस्तकातही २०च आहेत. खडू खाली ठेवत म्हणाली, "म्हंजे उचलच की, मॅडम. दरसाली चढतीच."

मुकादमाकडून घेतलेली उचल एका हंगामात फिटली नाही की पुढच्या हंगामावर चढते, हे तिला कुणी शिकवावं लागलेलं नाही. या कादंबरीवर मी बरंच वाचलंय, पण इतक्या थोडक्यात कुणी ती उलगडलेली पाहिली नव्हती. खाली बसता बसता ती आणखी एक बोलली, "बहिणीचं नाव धान्याला लावूच देलं नसंल तिनं." मी ते अजून सांगितलंही नव्हतं! खरंच, कॅटनिस प्रिमला एकही जादा चिठ्ठी टाकू देत नाही. म्हणून प्रिमची चिठ्ठी एकच. आणि निघते नेमकी तीच.

दुसरी माझी आवडती म्हणजे जो मार्च. 'लिटल विमेन'चा पहिला भाग १८६८चा. आपल्याकडे शांता शेळक्यांच्या 'चौघीजणी'मुळे ती घरातलीच झालीय. लॉरीला नकार देणारी, माडीवर बसून लिहिणारी जो सगळ्यांना आठवते. मला आठवते ती केस विकणारी. वडील वॉशिंग्टनला आजारी, आईला तातडीनं निघायचंय, पैसे म्हाताऱ्या आत्याकडे मागायचे, आणि त्या आत्याचं बोलणं ऐकून घेण्यापेक्षा जो केस कापून २५ डॉलर आणून देते. दिवसभर हसून घालवते आणि रात्री अंधारात रडते. थोरल्या बहिणीला, मेगला वाटतं, वडिलांसाठी रडतेय. नाही, केसांसाठी रडतेय! हा प्रसंग मला फार खरा वाटतो. घरासाठी काही केलं की ते हसतमुखानंच केलं पाहिजे आणि वर त्याचं दुःखही होता कामा नये, हा नियम पोरींना कुणी लावून दिला कोण जाणे.

तिसरी अ‍ॅन शर्ली, 'अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स'मधली (१९०८). वर्गातल्या गिल्बर्टच्या डोक्यात पाटी हाणणारी म्हणून ती सर्वांची लाडकी. पण शेवट बघा. बँक बुडाल्याची बातमी असलेला पेपर तिला सांभाळणाऱ्या मॅथ्यूच्या हातात असतो आणि तो जागीच जातो. (ठेवी अडकलेल्या घरात राहणाऱ्यांना हे पान समजावून सांगायला नको.) मॅथ्यूच्या बहिणीचे, मरिलाचे डोळे अधू होत चाललेले. अ‍ॅन शिष्यवृत्ती सोडते. तिचं रडगाणं नाही, तिच्याकडे योजना आहे: शेत वर्षभर शेजारच्या बॅरीला ठोक्यानं द्यायचं, आपण शाळेत शिकवायचं, कॉलेजचा अभ्यास घरी करायचा. व्यवहाराला चोख बाई! तरी ही गोष्ट मी वर्गात सांगत नाही. घरासाठी शिक्षण सोडणं आमच्या पोरींना चांगलंच जमतं, त्याला कादंबरीचा पाठिंबा कशाला?

'हॅरी पॉटर'मधल्या हर्मायनीबद्दल विचाराल तर हुशार आहे, आवडते. पण आईबाप दोघंही डेंटिस्ट. फीची काळजी नाही.

आता माझं खरं दुखणं. मराठीत यांच्या जोडीला कुणाला बसवू? प्रकाश नारायण संतांची सुमी मला फार आवडते, पण ती लंपनला, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या पोराला, दिसते तेवढीच. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'तली शिरोडकर, तिच्यासाठी आमच्या पिढीतली पोरं अजून हळवी होतात. पण ती सगळी जोशीच्या, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या पोराच्या नजरेतली. शेवटी तिच्या घरचे गाव सोडून जातात आणि जोशीच्या पोटात पडलेला खड्डा आपल्याला कळतो. तिचं काय झालं? घरी काय बोलले तिला? मारलं का? पुढे शाळेत घातलं की बसवलं घरी? आमच्याकडे पोराचं नाव जोडलं गेलं की पोरीचा बसचा पास बंद होतो आणि उन्हाळ्यात पाहुणे बघायला येतात. 'शाळा' मला आवडतेच, ती जोशीची गोष्ट आहे आणि उत्तम आहे. माझी भूक शिरोडकरच्या वहीची आहे.

शाळेच्या ग्रंथालयाची खरेदीची यादी पुढच्या आठवड्यात द्यायची आहे. तेरा-चौदा वर्षांची पोरगी स्वतःच्या तोंडानं गोष्ट सांगतेय आणि तिच्या घरात पैशाची चणचण आहे, असं मराठी पुस्तक माहीत असेल तर नाव आणि प्रकाशन कमेंटमध्ये टाका. आत्मचरित्रं नकोत, कादंबरीच हवी. आणि किंमत दोनशेच्या आत असेल तर दोन प्रती घेता येतील.