फोटोओळीत नाव हवं

काल पुस्तकं बदलायला वाचनालयात गेले आणि तासभर जिन्यापाशीच अडकले. जिन्यापासून वर्तमानपत्रांच्या दालनापर्यंत भिंतीवर एका भटक्या फोटोग्राफरचे तीसेक फोटो लावलेत. वाळवंट, बर्फ, होड्या, बाजार, आणि माणसं, खूप माणसं.

आर्ट गॅलरीत आपण ठरवून जातो, जरा दबकूनच वावरतो. इथं मात्र फोटो बघायला म्हणून कुणीच आलेलं नव्हतं, आणि तरी जो तो थांबत होता. पेपर वाचायला आलेले एक आजोबा मासेमारीचं जाळं विणणाऱ्या माणसाच्या फोटोसमोर उभे राहिले. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि चेहरा सोडून थेट सुई धरलेल्या बोटांवर नेलं. म्हणाले, "डावखुरा दिसतोय." मी त्याच फोटोसमोर पाच मिनिटं उभी होते. प्रकाश पाहिला, सुरकुत्या पाहिल्या, हात काही पाहिला नव्हता.

त्या फोटोखाली एकच शब्द होता : 'श्रम'. कोण, कुठला, कधीचा, काही नाही. पुढच्या म्हातारीखाली 'प्रतीक्षा', पोरांच्या घोळक्याखाली 'निरागस'.

फोटो सुंदर आहेत, हे मनापासून सांगते. पण फोटोओळ वाचून मला वाईट वाटलं, आणि वाचनालयात तर जास्तच. इथं लेखक, प्रकाशक, साल, आवृत्ती यांची नोंद झाल्याशिवाय साधं पुस्तकही कपाटात जात नाही. मग त्याच भिंतीवर माणूस बिननावाचा का?

ही चूक थोरामोठ्यांकडूनही झालेली आहे. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँग यांनी 1936 साली कॅलिफोर्नियात निपोमोजवळ मुलांना कवेत घेऊन बसलेल्या एका मजूर आईचा फोटो काढला. एरवी लोकांचं बोलणं जपून टिपून ठेवणाऱ्या लँग यांनी त्या दिवशी नाव विचारलं नाही, हे त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय. फोटो जगभर गेला. ती बाई म्हणजे फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे लोकांना कळायला 1978 उजाडलं, आणि त्या फोटोतून आपल्याला एक पैसा मिळाला नाही ही सल त्यांनी बोलून दाखवली. स्टीव्ह मॅकरी यांनी 1984 साली पाकिस्तानातल्या निर्वासित छावणीत टिपलेली हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी आठवते ना? शरबत गुला हे तिचं नाव 2002 साली कळलं. तोवर ती नुसते डोळे होती.

आणि हे आपल्याला कळतं कशामुळे? कुणीतरी जपून ठेवलेलं असतं म्हणून. फोटोग्राफर एडवर्ड कर्टिस यांनी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर 20 खंड काढले, 1907 ते 1930. त्यातल्या एका फोटोत तंबूत दोन पुरुष बसलेत आणि मधे एक घड्याळ आहे. छापताना कर्टिस यांनी ते घड्याळ खोडून टाकलं, कारण 'जुन्या काळातली माणसं' दाखवायची होती. घड्याळ असलेली आणि घड्याळ पुसलेली, दोन्ही चित्रं आज लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. मला ते घड्याळ फार महत्त्वाचं वाटतं. ते त्या माणसांच्या मधे होतं, आणि दुरून आलेल्या एकाला ते आपल्या चित्रात नको होतं.

प्रवासातल्या फोटोत हा धोका कायम असतो. आपण दोन दिवस जातो, आपल्याला हवं ते टिपतो आणि परत येतो. त्यावर प्रश्न विचारायला वाचनालयाइतकी चांगली जागा नाही, कारण त्या प्रदेशाचा इतिहास, नकाशे, तिथल्या लेखकांची पुस्तकं दहा पावलांवर असतात. ती काढून फोटोंखाली एका टेबलावर मांडली तरी केवढं काम होईल! (खिडकीलगतचे चार फोटो मात्र हलवा. त्यांच्यावर दुपारचं ऊन थेट पडतं, आणि उडालेला रंग परत येत नाही.)

नाव छापल्यानं कुणाला त्रास होणार असेल तर तसं लिहा, 'नाव राखून ठेवलं आहे' म्हणा. विचारायचं राहून गेलं असेल तर तेही लिहा. वाचणारा समजून घेतो. गाव, साल, माणूस काय करत होता, विचारून फोटो काढला की न विचारता, एवढ्या चार ओळी पुरतात.

अभिप्रायाच्या वहीत मी हे सगळं लिहून आले. ग्रंथपाल बाईंनी शांतपणे वाचलं आणि सांगितलं की शनिवारी संध्याकाळी फोटोग्राफर स्वतः येणार आहेत. आजोबाही येतो म्हणालेत. जाळं विणणाऱ्याचं नाव त्या फोटोग्राफरना आठवत असेल, तर फोटोखाली चिठ्ठी लावायची परवानगी मी बाईंकडून घेऊन ठेवली आहे.