दगडू, नकुशी आणि आमचं डी अँड डीचं टेबल

आमच्या शाळेच्या ग्रुपवर दोन आठवडे वाद चाललाय. पुण्यातल्या चौघा-पाच जणांनी डंजन्स अँड ड्रॅगन्सचं (डी अँड डी, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत एकेक कॅरेक्टर होऊन गोष्ट रचायचा खेळ) नवीन कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी एक कथा, सुरू केलंय आणि कॅरेक्टरची नावं मराठी ठेवायची की नाही यावर दोन तट पडलेत. एक तट म्हणतो मराठी नाव आलं की फँटसीचा फील जातो, ड्वार्फला, म्हणजे फँटसीतल्या बुटक्या माणसाला, दगडू म्हटलं की सगळे हसणार. दुसऱ्यांचं म्हणणं, मराठीच ठेवा पण इतिहास-पुराणातली भारदस्त ठेवा. मला दोन्ही पटत नाही, आणि का पटत नाही ते इथे जर्मनीत लाइपझिगला येऊन खेळायला लागल्यावर कळलं.

इथे आम्ही पाच जण दर पंधरा दिवसांनी खेळतो. पहिल्या कॅरेक्टरचं नाव मी नेम जनरेटरवरून उचललेलं, एल्द्रिन की काहीतरी, कानाला छान. आमच्या डीएमने, म्हणजे खेळाची गोष्ट चालवणाऱ्याने, सहज विचारलं, याचा अर्थ काय, आणि हे नाव ठेवलं कोणी? मला सांगता येईना, कारण नावाच्या मागे माणूसच नव्हता. पुढच्या वेळी ड्वार्फ फायटर घेतला तेव्हा त्याला दगडू म्हटलं आणि सांगितलं की आमच्याकडे आधीची मुलं जगली नसतील तर पुढच्याचं नाव मुद्दाम दगडू, धोंडू, केरू असं ठेवायचे, म्हणजे यात नेण्यासारखं काही नाही असं मरणाला वाटावं. कोणी हसलं नाही. डीएमने तिथल्या तिथे दगडूची आई कथेत आणली आणि पुढचे तीन सेशन आम्ही त्याच्या आधी गेलेल्या भावंडांची थडगी शोधत एका डोंगरात फिरत होतो, माझ्या आजवरच्या खेळातले सगळ्यात चांगले सेशन तेच.

फँटसीच्या फीलचं म्हणाल तर आपल्याला जी नावं गूढ वाटतात ती कुणाच्या तरी भाषेतली अगदी साधी नावं असतात. लॉर्ड ऑफ द रिंग्जमधल्या जादूगाराचं गँडाल्फ हे नाव लेखक टोल्किनने वोलुस्पा या जुन्या नॉर्स कवितेतल्या ड्वार्फ्सच्या यादीतून घेतलं, अर्थ साधारण कांडीवाला एल्फ. त्याच यादीत नोर्द्री, सुद्री, आउस्त्री, वेस्त्री असे चौघे आहेत, म्हणजे चक्क उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम! जर्मन माणसाला ही नावं ऐकताच कळतात, त्याच्या भाषेत दिशांना नोर्ड, झ्यूड, ओस्ट, वेस्टच म्हणतात, आणि तरी त्याचा फील कुठे जात नाही. मग दगडूनेच का जावा?

भारदस्त नावांबद्दल माझं मत जरा कडक आहे. ज्याच्यापुढे घरी दिवा लागतो त्याचं नाव फासा वाईट पडला म्हणून गटारात मरणाऱ्या चोराला देऊ नये. परदेशी टेबलावर तर जास्तच जपावं, कारण तिथे बाकीच्यांना ते नाव म्हणजे नुसता आवाज असतो. फायनल फँटसी या व्हिडिओ गेममध्ये शिवा ही बर्फाची बाई आहे, नाव तेवढं घेतलंय, बाकी काही नाही.

पण अर्थ असला म्हणजे झालं असंही नाही. ग्रुपवर एकाने त्याच्या रोगचं (rogue, म्हणजे चोरटं, चपळ कॅरेक्टर) नाव नकुशी ठेवलंय, डार्क बॅकस्टोरी म्हणून. 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात 285 मुलींनी हे असलं नाव टाकून नवीन नावं घेतली होती, मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून नकोशी, नकुशी. त्या मुली आज आपल्या आसपास आहेत, कामाला जातायत, कदाचित हे गेमही खेळत असतील. दगडू नाव ठेवणाऱ्या आईला मूल हवं होतं, इथे नको होतं, एवढा फरक आहे आणि मला तो फार मोठा वाटतो. मी त्याला नाव काढून टाक म्हटलं नाही, फोन केला आणि सांगितलं की ठेवतोस तर तिला कथेतच स्वतःचं नाव निवडू दे, पाचव्या लेव्हलला वगैरे नाही, लवकर. तो म्हणाला विचार करतो. काल रात्री मेसेज आला, पहिल्याच सेशनला नाव बदलतेय, पाकोळी कसं वाटतं?