पॅरामीटर गळत नाहीत, आपणच पुसतो

परवा रात्री अकराला भाचीचा मेसेज: "मामा, हे आजच प्रॉडक्शनवर टाकू का?" खाली एक फॉरवर्ड. तो गेल्या महिन्यात माझ्या दोन ग्रुपवर फिरून गेला होता, तेव्हा सोडून दिला. आता घरातच आला म्हटल्यावर बोलणं भाग आहे.

फॉरवर्डचं म्हणणं असं: लोड वाढला की टॉमकॅटच्या (जावाची वेब ॲप चालवणाऱ्या सर्व्हरच्या) हातून पॅरामीटर, म्हणजे ग्राहकाने फॉर्ममध्ये भरून पाठवलेली माहिती, गळतात. उपाय चार. थ्रेड (सर्व्हरचे एकाच वेळी काम करणारे हात) वाढवा, नल (म्हणजे 'काहीच नाही') आला तर १०० मिलिसेकंद थांबून पुन्हा विचारा, पोस्टऐवजी गेट वापरा (म्हणजे माहिती रिक्वेस्टच्या बॉडीत न पाठवता पत्त्यातच, क्वेरी स्ट्रिंगमध्ये, पाठवा), रोज रात्री सर्व्हर रीस्टार्ट करा.

"थांबून पुन्हा विचारा" हा तर कहर आहे. पॅरामीटर म्हणजे काय लेट झालेली एसटी आहे, फलाटावर उभं राहिलं की येईल? कोडने पहिल्यांदा गेटपॅरामीटर म्हटलं, म्हणजे पॅरामीटर मागितला, की टॉमकॅट क्वेरी स्ट्रिंग आणि फॉर्मची बॉडी फोडून यादी करतो आणि 'वाचून झालं' अशी खूण करून ठेवतो. पुढे कितीही वेळा विचारा, तो त्याच यादीत बघतो. १०० मिलिसेकंद थांबा नाहीतर १०० वर्षं, नल तो नलच. वर तेवढा वेळ थ्रेड अडकला तो वेगळाच.

लोडखाली हा प्रकार जास्त दिसतो, एवढं मात्र नाइलाजाने मान्य. पण का, ते भाचीच्याच कोडमध्ये सापडलं. नोंदणीच्या सर्व्हलेटमध्ये (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या जावा कोडमध्ये) शेवटी ऑडिटचं काम एक्झिक्यूटरकडे (कामं मागाहून दुसऱ्या थ्रेडवर करणाऱ्याकडे) दिलेलं, आणि त्याला दिलेल्या कोडच्या तुकड्याच्या, लॅम्डाच्या, आत सरळ रिक्वेस्ट.गेटपॅरामीटर("मोबाइल"). इकडे रिस्पॉन्स गेला, टॉमकॅटने रिक्वेस्ट ऑब्जेक्ट (ग्राहकाने पाठवलेलं सगळं ज्यात असतं ते) पुसून पुढच्यासाठी ठेवलं. मग रांगेत रखडलेला ऑडिट थ्रेड उगवतो आणि त्या कोऱ्या ऑब्जेक्टला मोबाइल नंबर विचारतो. मिळत काहीच नाही, पण 'वाचून झालं' ही खूण बसते. पुढचा ग्राहक नेमका त्याच ऑब्जेक्टवर येतो. त्याने नंबर नीट भरलेला असतो, पण खूण बघून टॉमकॅट वाचायलाच जात नाही. चूक एकाची, बोंब दुसऱ्याच्या नावाने. लॉगमध्येही तो दुसराच दिसतो, म्हणून लोक आठवडाभर भलत्याच फॉर्ममध्ये चूक शोधत बसतात.

हे माझं मत नाही. सर्व्हलेट स्पेसिफिकेशनचं (सर्व्हलेटच्या अधिकृत नियमांचं) तिसरं प्रकरण उघडा. असिंक मोड (उत्तर मागाहून द्यायची सोय) सुरू केला नसेल, तर रिक्वेस्ट ऑब्जेक्ट सर्व्हिस मेथड किंवा फिल्टर चालू असेपर्यंतच वैध. कंटेनर, म्हणजे टॉमकॅटसारखे सर्व्हर, ही ऑब्जेक्ट्स पुन्हा वापरतात, हेही तिथेच लिहिलंय.

थ्रेड वाढवून यातलं काही बदलत नाही. रीस्टार्टने ऑब्जेक्ट्स नवी येतात, सकाळी गर्दी झाली की पुन्हा तेच. आणि गेट? खूण बसलेल्या ऑब्जेक्टवर क्वेरी स्ट्रिंगही वाचली जात नाही, म्हणजे दुखणं तसंच, वर ग्राहकाचा मोबाइल नंबर ॲक्सेस लॉगमध्ये उघडा. हां, पोस्टची बॉडी हरवायच्या वाटा आहेत. एखाद्या लॉगिंग फिल्टरने इनपुट स्ट्रीम (ज्यातून बॉडी येते तो) आधीच वाचून संपवला, किंवा फॉर्म २ एमबीच्या ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला. पण ते त्या-त्या फॉर्मवर दरवेळी होतं, मंगळवारी दुपारी दोनदा आणि मग आठवडाभर नाही, असं नाही.

खरा उपाय एका ओळीचा. नंबर आधी स्ट्रिंगमध्ये काढून घ्या, एक्झिक्यूटरला ती स्ट्रिंग द्या, रिक्वेस्ट देऊ नका. चोर पकडायचा असेल तर टॉमकॅटच्या कनेक्टरवर (रिक्वेस्ट स्वीकारणाऱ्या भागावर) 'डिस्कार्ड फसाड्स' ही सेटिंग चालू करा. टॉमकॅट १०.१ मध्ये ते मुळातच चालू असतं. मग उशिरा आलेल्या थ्रेडला गुपचूप नल मिळत नाही, एक्सेप्शन (त्रुटी) येतं, आणि स्टॅक ट्रेसमध्ये, म्हणजे कोड कुठे अडला त्या यादीत, ती ओळच दिसते.

भाचीने ओळ वर हलवली. अर्ध्या तासाने पुन्हा मेसेज: "मामा, अजून तीन सर्व्हलेटमध्ये असंच आहे. तुझ्या वेळचा कोड आहे का हा?"