टियानाच्या राईडवर 'जाहिरात बघायला ५० फुटांवरून पडायचं का?' असं विचारणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली आहे, पण मोघम नाही. म्हणून 'मताचा आदर आहे' म्हणून हात झटकण्यापेक्षा नीट उत्तर देतो. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे मुद्दे थोडक्यात असे: डिस्नेने स्प्लॅश माउंटनसारखी गोष्ट असलेली, होडीतून फिरवणारी राईड मोडली आणि तिथे 'टियानाज बायू ॲडव्हेंचर' ही एका सिनेमाची आणि एका काल्पनिक खाद्यपदार्थ कंपनीची जाहिरात उभी केली. त्यात खलनायक नाही, त्यामुळे जीव टांगणीला लागत नाही. ती सारखी बंद पडते. आणि माझ्या लेखात तिला 'कुटुंबासाठी चांगली' म्हणणं म्हणजे फॅन मंडळींच्या तोंडाला पानं पुसणं. शेवटी तुम्ही विचारलंय की जूनमध्ये आई-वडील भारतातून येताहेत, मुलगी पाच वर्षांची आहे, तर फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडममध्ये ही राईड सरळ वगळावी का?

वगळू नका. आणि तुमचा राग बराचसा रास्त असला तरी तो चुकीच्या खिडकीवर जमा होतोय.

आधी जुन्या राईडबद्दल. फ्लोरिडातलं स्प्लॅश माउंटन १९९२ ते जानेवारी २०२३ असं तीस वर्षं चाललं. शेवटच्या दिवसांत लोकांनी त्यातलं पाणी बाटल्यांत भरून नेलं आणि ईबेवर विकायला ठेवलं. असा जीव जडलेल्या जागी जे काही येईल त्याची पहिली दोन वर्षं शिव्या खाण्यातच जाणार, हे कुणीही सांगितलं असतं. पण 'मूळ, अस्सल कलाकृती मोडली' असं तुम्ही म्हणता तेव्हा एक गोष्ट लक्षात घ्या. कॅलिफोर्नियातलं पहिलं स्प्लॅश माउंटन १९८९ चं. त्यातले बहुतेक गाणारे प्राणी त्या राईडसाठी घडवलेले नव्हतेच. डिस्नेलँडमध्ये 'अमेरिका सिंग्ज' नावाचा शो १९७४ ते १९८८ चालला, त्याचे यंत्राने हलणारे पुतळे डिस्नेचे राईड-रचनाकार टोनी बॅक्स्टर यांच्या चमूने उचलून नव्या डोंगरात बसवले. म्हणजे एका पिढीचा आवडता शो बंद करूनच दुसऱ्या पिढीची आवडती राईड तयार झाली होती.

गोष्टीचं मूळही अडचणीचं होतं. ती ज्या सिनेमावर बेतली होती तो १९४६ चा 'साँग ऑफ द साउथ', त्यातल्या कृष्णवर्णीयांच्या चित्रणावर टीका झाल्याने, डिस्नेने अमेरिकेत घरी बघण्यासाठी व्हिडिओवर कधीच आणला नाही. स्वतःच्या कपाटात कुलूपबंद ठेवलेल्या सिनेमावरची राईड मुख्य पार्कात चालवायची, हे किती वर्षं जमणार होतं? बदलाची घोषणा जून २०२० मध्ये झाली, त्यामुळे सगळी चर्चा तेव्हाच्या वर्णद्वेषविरोधी आंदोलनांच्या वातावरणात अडकली आणि राईड म्हणून राईड कशी आहे हे कुणी धड बोललंच नाही. तुमच्या प्रतिक्रियेत ते आहे, म्हणून आता तिकडे वळतो.

खलनायक नाही, हा तुमचा सगळ्यात जोरकस मुद्दा. नवी राईड ज्यावर बेतली आहे त्या २००९ च्या 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग'मधला डॉ. फॅसिलिए इतका देखणा खलनायक आहे की तो इथे नसणं खटकतंच. तरी माझ्या मते दुखणं खलनायकाचं नसून पडण्याच्या कारणाचं आहे. लॉग फ्लूम, म्हणजे ओंडक्यासारख्या होडीतून पाण्यावर फिरवणाऱ्या राईडचा सगळा डोलारा एकाच क्षणावर उभा असतो, तो म्हणजे शेवटची उडी. प्रेक्षक पहिल्या मिनिटापासून तिची वाट बघत असतो. 'आपण आता का पडणार?' याचं उत्तर गोष्टीने दिलं की बाकी चुका माफ होतात.

स्प्लॅश माउंटनमध्ये हे उत्तर कसं दिलं होतं ते बारकाईने आठवा. कोल्ह्याने सशाला पकडून बांधलेलं असतं. ससा गयावया करतो, काहीही कर पण मला काटेरी झुडपात फेकू नकोस. प्रकाश कमी होतो, गाणं रडवेलं होतं, चढणीवर दोन गिधाडं वरून टोमणे मारतात. होडी वर चढते आणि तुम्ही थेट त्या काटेरी झुडपांतच फेकले जाता. खाली पोचल्यावर कळतं की ससा तिथेच जन्मलेला, त्याला हवी तीच जागा मिळाली. भीती, युक्ती आणि सुटका, तिन्ही एका उडीत. उडी हाच गोष्टीचा शेवट. असं जमवणं फार अवघड असतं.

आता टियाना. मार्डी ग्रा या न्यू ऑर्लिन्सच्या उत्सवाची मेजवानी आहे, वाजवणारे कमी पडताहेत, म्हणून सिनेमाची नायिका टियाना आणि लुई मगर तुम्हाला घेऊन बायूत, म्हणजे दलदलीतल्या संथ पाण्यात, वादक शोधायला निघतात. वाटेत प्राणी मिळेल त्या वस्तूंची वाद्यं करून झायडेको हे लुईझियानातलं संगीत वाजवतात. सिनेमातली जादू जाणणारी म्हातारी मामा ओडी तुम्हाला बेडकाएवढं लहान करते, मग झाडंझुडपं अवाढव्य दिसायला लागतात, बेडकांचा वाद्यवृंद भेटतो. शेवटी ती तुम्हाला पुन्हा मूळ आकारात आणून मेजवानीकडे धाडते, आणि त्या वेळी ५० फुटांची उडी. कागदावर हे कारण आहे, पण चढणीवर बसलेल्या माणसापर्यंत ते पोचत नाही. 'लहानाचे मोठे होताना खाली का पडायचं?' हा प्रश्न मनात येतोच. चढणीवर ना काळजी, ना घाई. मेजवानीला उशीर होतोय एवढी साधी घाई जरी दाखवली असती, घड्याळाचे टोले आणि लांबून ऐकू येणारा बँड, तरी उडीला धार आली असती. त्यासाठी खलनायकाची गरज नव्हती.

दुसरी खरी उणीव मधल्या भागाची आहे. दोन दृश्यांच्या मध्ये नुसत्या झुडपांच्या आणि काजव्यांच्या लांब पट्ट्या आहेत. जुन्या राईडमध्ये त्याच वळणांवर काही ना काही हलत असे, गात असे. नवे पुतळे मात्र हालचालीत जुन्यांपेक्षा कितीतरी सरस आहेत. शेवटच्या मेजवानीच्या दालनात टियानाचे खांदे, मान आणि हात एकाच लयीत फिरतात, लुई ट्रम्पेट घेऊन सगळं अंग हलवतो. पुतळे उत्तम पण विरळ, हा हिशेब फॅन मंडळींनी अचूक मांडलाय.

जाहिरातीबद्दल. रांगेत 'टियानाज फूड्स' ही कामगारांच्या मालकीची सहकारी संस्था, तिने विकत घेतलेली जुनी मिठाची खाण, वगैरे इतिहास फलकांवर आणि पेट्यांवर आहे. तुम्ही याला ब्रँडची जाहिरात म्हणता. मला ती जाहिरात वाटत नाही, अति स्पष्टीकरण वाटतं. न्यू ऑर्लिन्सच्या आसपासचा प्रदेश सपाट, तिथे डोंगर कुठून आला, याचं उत्तर द्यायला मिठाचा घुमट, म्हणजे जमिनीखालच्या मिठाने वर उचललेला उंचवटा, आणला. लुईझियानात असे घुमट खरोखर आहेत. टबॅस्को सॉस जिथे बनतो ते एव्हरी आयलंड म्हणजे आजूबाजूच्या दलदलीतून वर आलेला तसाच उंचवटा. अभ्यास चोख केलाय, शंका नाही. पण डोंगर का आहे याला अख्खी रांग दिली आणि उडी का आहे याला एक वाक्य. सहकारी संस्थेचा तपशील महाराष्ट्रातल्या माणसाला वाचायला मौज वाटेल, ते सोडा.

आणि एक आक्षेप तुमच्या पद्धतीवर. तुम्ही लिहिलंय की संपूर्ण व्हिडिओ दोनदा पाहिला. या राईडवरचा पहिला राग उद्घाटनाच्या आधी आलेल्या व्हिडिओवरच निघाला होता. कॅमेरा समोरची चौकट पकडतो. अंधाऱ्या दृश्यात त्याला काजवे म्हणजे ठिपके दिसतात, बाजूचा आणि मागचा आवाज सपाट होतो, पाण्याचा गारवा आणि रांगेतला बेन्ये या तळलेल्या गोड पदार्थाचा वास तर येतच नाही. मधल्या रिकाम्या पट्ट्या व्हिडिओत दुप्पट रिकाम्या वाटतात. प्रत्यक्षात त्या रिकाम्याच आहेत, पण तेवढ्या नाहीत.

आता बंद पडण्याबद्दल, कारण इथे बहुतेक फॅन 'डिस्नेला सांभाळता येत नाही' एवढ्यावर थांबतात. २८ जून २०२४ ला राईड उघडली आणि पहिले काही महिने ती दिवसातून अनेकदा थांबत होती, हे खरं. पण या प्रकारच्या राईडमध्ये काय काय थांबू शकतं ते पाहा. होडीला मोटर नसते. पंप पाणी वर चढवतात, पाणी कालव्यातून उतरतं आणि होडीला नेतं. फक्त चढणीवर पट्टा होडी उचलतो. सगळा मार्ग टप्प्यांत विभागलेला असतो आणि एका टप्प्यात ठरल्यापेक्षा जास्त होड्या येऊ द्यायच्या नसतात. पुढची होडी वेळेत सरकली नाही, किंवा सेन्सरला ती सरकल्याचं कळलं नाही, की मागच्या चढणी थांबतात. पाण्याची पातळी थोडी घटली की होडी वळणावर रेंगाळते. कुणी उभं राहिलं की कॅमेऱ्यावर बघणारा कर्मचारी राईड थांबवतो. फ्लोरिडात वीज चमकली की उघड्यावरचा भाग बंद, म्हणजे राईड बंद.

थांबणं दोन मिनिटांचं असलं तरी सुरू होणं तेवढ्यात होत नाही. पाणी पातळीवर आणायचं, अडकलेल्या होड्या क्रमाने सोडायच्या, गरज पडली तर माणसं बाजूच्या जिन्यांवरून उतरवायची, रिकाम्या होड्या फिरवून बघायच्या. हिशेब करा: फ्लोरिडात एका होडीत आठ जण, समजा दर २० सेकंदांनी एक होडी सुटली, तर तासाला १,४४० माणसं. अर्धा तास थांबलं की ७२० माणसं तुंबली. सुरू झाल्यावर त्यातला मोठा वाटा लाइटनिंग लेनवाल्यांना, म्हणजे पैसे देऊन वेगळ्या छोट्या रांगेतून जाणाऱ्यांना, जातो, त्यामुळे साध्या रांगेत उभ्या माणसाला राईड सुरू होऊनही हलल्यासारखं वाटत नाही. फलकावरचा वेळ त्या वेळी विश्वासाचा नसतो.

एक भेद मात्र करायला हवा. राईड थांबणं वेगळं आणि राईड चालू असताना एखादा पुतळा निपचित असणं वेगळं. दुसऱ्याला फॅन 'बी-मोड' म्हणतात. डिस्नेच्याच ॲनिमल किंगडम पार्कातल्या एक्स्पिडिशन एव्हरेस्ट राईडमधला यती कित्येक वर्षं याच अवस्थेत आहे. टियानाच्या राईडची खरी कसोटी तिथे लागेल. पुतळे विरळ असल्यामुळे एक जरी बंद राहिला तरी अख्खं दृश्य मरतं. जुन्या राईडमध्ये गर्दीत एखादा बंद प्राणी खपून जायचा.

फॅन मंडळींना पानं पुसल्याचं म्हणाल, तर कुटुंबाची राईड म्हणून तिला चांगलं म्हणणं आणि स्प्लॅशपेक्षा सरस म्हणणं या दोन गोष्टी एक नाहीत, आणि लेखात दुसरी नाही. जुनीच हवी असेल तर टोकियोतलं स्प्लॅश माउंटन अजून चालू आहे. आणि रागच काढायचा तर जुलै २०२५ मध्ये शेजारची रिव्हर्स ऑफ अमेरिका ही पार्कातली कृत्रिम नदी बुजवायला बंद केली, तिथे 'कार्स' सिनेमावरचा विभाग येतोय, त्यावर काढा. नदी गेल्याने त्या कोपऱ्याचा गेलेला निवांतपणा कुठल्याही पुतळ्याने परत येणार नाही.

आता तुमच्या जूनच्या बेताकडे. उंचीची अट ४० इंच, म्हणजे १०२ सेंटिमीटर. वय कुणी विचारत नाही, उंची दारातच मोजतात आणि तिथे हुज्जत चालत नाही. घरीच भिंतीला उभं करून मोजून ठेवा. काठावर असेल तर मुलीला आधी स्वप्नं दाखवू नका. उंची भरली पण ती अंधाराला घाबरत असेल, तर धोका उडीचा नाही, लहान होतानाच्या अंधाऱ्या भागाचा आहे. भयानक चेहरा मात्र कुठेच नाही. खलनायक नसण्याचा फायदा इथे होतो.

फ्लोरिडात होडीत दोघांच्या चार ओळी आणि मांडीवर दांडा असतो, त्यामुळे मुलीला आजीशेजारी बसवता येतं. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमधल्या याच राईडमध्ये एकामागे एक बसतात, तिथे हे जमत नाही. होडीत उतरताना पाय खाली खोल टाकावा लागतो आणि जमीन ओली असते. वडिलांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना घाई करू नका, कर्मचाऱ्याला आधीच सांगा. व्हीलचेअरवरून होडीत स्वतः सरकावं लागतं. कंबर, मान किंवा हृदयाचा त्रास असेल तर उडीसाठी आग्रह नको. मुलगी बसणार नसेल आणि तिच्यासोबत कुणाला बाहेर थांबावं लागणार असेल, तर रायडर स्विच, म्हणजे आळीपाळीने बसायची सोय, घ्या. ते फुकट आहे. प्रवेशाजवळच्या कर्मचाऱ्याला सांगायचं, आधी एक मोठा माणूस जाऊन येतो, मग बाहेर थांबलेल्याला पुन्हा रांग लागत नाही.

पुढच्या ओळीत जास्त भिजायला होतं. आईंनी ओढणी किंवा पदर नीट खोचून घ्यावा. पायाशी पाणी साचतं, म्हणून पिशवी खाली ठेवू नका, पासपोर्ट आणि फोन झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा. जूनमध्ये दुपारनंतर गडगडाट ठरलेला, तेव्हा सकाळची वेळ गाठा. मल्टी पास (अनेक राईडसाठी लाइटनिंग लेनच्या वेळा आधी ठरवायचा पास) घेणार असाल तर डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना सात दिवस आधी आणि बाहेर राहणाऱ्यांना तीन दिवस आधी निवड करता येते. सकाळचा तास निवडा. तुमच्या वेळेत राईड बंद पडलीच, तर ते बुकिंग घाईने रद्द करू नका. ते बहुधा आपोआप दुसऱ्या काही राईडवर चालणारा पास होतं. ॲप उघडून त्यातली यादी बघा आणि तो पास थोडा वेळ तसाच ठेवा. टियाना पुन्हा सुरू झाली आणि यादीत असली, तर त्याच पासवर आत जाता येतं.