आरतीच्या ताटात येन आणि युरो

गणेश चवथीच्या आठ दिवस आधी आमच्या घराण्याच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडला. तुमच्याकडेही आला असेल. मजकूर थोडक्यात असा: ‘पायथन तीन, डॅश एम, एचटीटीपी डॉट सर्व्हर. एवढी एक ओळ मारा, लॅपटॉप झाला सर्व्हर! काही सेटिंग नको. लोक फायली फक्त वाचू शकतात, म्हणून हॅकिंगची भीती नाही. मराठीही चालतं. होस्टिंगचे पैसे वाचवा.’ खाली हात जोडलेल्या चार बाहुल्या.

ओळ खरी आहे, आधीच सांगतो: पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा तो आदेश लॅपटॉपवरच्या फायली इतरांना ब्राउझरमधून दाखवतो. मी ती आठवड्यातून दोनदा तरी मारतो. आकडे आणि अक्षरं अर्थात इंग्रजी कळांवरून, आणि पायथन २ च्या जमान्यातल्या लेखांत ‘सिंपल एचटीटीपी सर्व्हर’ असं जे नाव दिसतं ते सोडून; त्या पायथनचा आधार १ जानेवारी २०२० लाच संपला. माझं भांडण ओळीशी नाही, तिच्याखालच्या चार वाक्यांशी आहे.

‘काही सेटिंग नको.’ सेटिंग आहेत, फक्त तुम्ही ती केलेली नाहीत. कुठला फोल्डर लोकांपुढे वाढायचा? टर्मिनल, म्हणजे आदेश टाइप करायची खिडकी, त्या क्षणी जिथे उभा असेल तो. कुठलं पोर्ट? ८०००. कुणाला दाखवायचं? यंत्राच्या सगळ्या नेटवर्क जोडण्यांवर, म्हणजे त्याच वायफायवर असलेल्या कुणालाही. फोल्डरात इंडेक्स पान नसेल तर? आतल्या सगळ्या फायलींची यादी. हे चारही निर्णय मॉड्यूल लिहिणाऱ्यांनी तुमच्यावतीने घेऊन ठेवलेत. आपल्या टेबलावर काहीतरी पटकन तपासण्यासाठी ते बरोबरच आहेत.

माझ्या चुलत भावाने ही ओळ पणजीतल्या एका कॅफेत बसून मारली. टर्मिनल उघडला की तो होम फोल्डरमध्येच उभा असतो, हे त्याच्या ध्यानात नव्हतं. विंडोजच्या फायरवॉलने खिडकी उघडून विचारलं, खाजगी नेटवर्कवर परवानगी द्यायची की सार्वजनिकवरही? गड्याने दोन्हीवर टिचकी मारली. मग शेजारच्या खुर्चीवरून मी फोनवर त्याचा पत्ता टाकला, तर समोर डाउनलोड्स फोल्डर: आधार कार्डाचा स्कॅन, पगाराच्या पावत्या, घराच्या जागेच्या एक-चौदाच्या उताऱ्याचा (आमच्या गोव्याचा सात-बारा) फोटो. काही वायफायवर एका गिऱ्हाईकाचं यंत्र दुसऱ्याला दिसू नये अशी सोय असते. तिथे नव्हती.

उपाय दोन शब्दांचा आहे. ओळीपुढे ‘बाइंड’ लावून १२७.०.०.१ लिहा, म्हणजे सर्व्हर फक्त त्याच लॅपटॉपशी बोलेल. ‘डिरेक्टरी’ लावून नेमका फोल्डर सांगा, पायथन ३.७ पासून ही सोय आहे. तरी एक फट उरते. त्या फोल्डरात बाहेरच्या जागेकडे नेणारी सिंबॉलिक लिंक असेल, तर सर्व्हर तिच्यामागून बाहेर जातो.

‘फक्त वाचू शकतात.’ अहो, कागद चोरायला वाचणंच पुरतं! नावाच्या सुरुवातीला टिंब असलेल्या लपवलेल्या फायलीही हा सर्व्हर यादीत मांडतो, आणि प्रोग्रामर मंडळी पासवर्ड ठेवतात ते बहुधा त्यांतच. हा सर्व्हर खऱ्या वापरासाठी नाही, त्यात सुरक्षेच्या जुजबी तपासण्याच आहेत, असा इशारा पायथनच्या अधिकृत दस्तऐवजातच आहे. फॉरवर्ड करणाऱ्याने तेवढं पान उघडलं असतं तर बरं झालं असतं.

‘मराठीही चालतं.’ इथे मात्र मी स्वतः आपटलो आहे. आरत्यांचे शब्द मी साध्या टेक्स्ट फायलींत उतरवले होते, लॅपटॉपच्या एडिटरमध्ये सुंदर दिसत होते. फोनवर उघडले तर ‘आरती’ या शब्दाच्या जागी बारा चिन्हं. कारण असं: यूटीएफ-८ या संकेतात, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि ‘आरती’त चिन्हं चार, आ, र, त आणि दुसरी वेलांटी. फाइल कुठल्या संकेतात आहे हे हा सर्व्हर ब्राउझरला सांगतच नाही. मग ब्राउझर अंदाज बांधतो, पश्चिम युरोपीय लिपी धरतो आणि एकेक बाइट सुटा छापतो. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा आली की तिथे जपानी येनची खूण उमटते, आणि ‘आरती’तली शेवटची वेलांटी तर येनपाठोपाठ युरोही टाकते. ताटात दक्षिणा आली म्हणायची, शब्द मात्र गेले.

फाइल एचटीएमएल करून तिच्या माथ्यावर कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८ असल्याचं लिहिलं की हे मिटतं. टेक्स्टच हवी असेल तर संकेत सांगणारा सर्व्हर घ्या. मी कॅडी नावाचा घेतला. त्याचाही ‘फाइल-सर्व्हर’ हा एका ओळीचाच आदेश आहे. तो टेक्स्ट फायलींसोबत यूटीएफ-८ असल्याची चिठ्ठी पाठवतो, आणि तुम्ही ‘ब्राउज’ म्हटल्याशिवाय यादी दाखवत नाही. आणखी एक फायदा ध्वनिमुद्रणांना झाला. घुमट या मातीच्या तालवाद्यावर म्हटलेल्या घुमट-आरतीची लांब रेकॉर्डिंग मधूनच ऐकायची तर फाइलचा मधला तुकडा मागता यावा लागतो. पायथनवाला तुकडे देत नाही, मागाल तेव्हा अख्खी फाइल ओततो. आयफोनवाल्या भाचीची तक्रार होती की तिच्याकडे गाणं सुरूच होत नाही, कारण हेच.

‘होस्टिंगचे पैसे वाचवा.’ यावर फार शाई नको. घरचा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता राउटरच्या उंबऱ्याबाहेर कुणाला ठाऊक नसतो. राउटरमधून वाट करून द्याल म्हणता, तर आधी राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधला असेल, तर इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेत आणि तुमची वाट त्यांच्या दारापाशीच संपते. शिवाय झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो आणि गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात पावसाळ्यात वीज किती राहते ते आम्हालाच विचारा. पानं चारच असतील तर फुकट स्टॅटिक होस्टिंग मिळतं, तिथे ठेवा.

मग असा एका ओळीचा सर्व्हर कशाला? यंदा आमच्या मूळ घरी वापरला तसा. तिथे फोनला रेंज नाही, पण चवथीला माणसं चाळीस. राउटर इन्व्हर्टरवर, लॅपटॉप गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीपासून लांब कपाटावर, त्यात आरत्यांचा एकच फोल्डर, आणि पत्ता जाड अक्षरांत कागदावर लिहून खांबाला चिकटवलेला. इंटरनेट लागलंच नाही. पोरांनी पहिल्यांदाच सगळी कडवी न अडखळता म्हटली.

विसर्जनाच्या रात्री पुण्याची आते तो कागद खांबावरून काढून पर्समध्ये ठेवत होती. ‘हे घरी गेल्यावर उघडेल ना रे?’

‘नाही गं आते, ते या घरापुरतंच.’

‘फॉरवर्डमध्ये तर तसं नव्हतं,’ म्हणाली, आणि कागद पर्समध्येच ठेवला.