ब्रेंटफर्डने आधी काय घेतले आणि मग काय विकले

2025 च्या उन्हाळ्यात लंडनमधल्या ब्रेंटफर्ड या छोट्या फुटबॉल क्लबमधून ब्रायन एम्ब्यूमो मँचेस्टर युनायटेडकडे, योआन विसा न्यूकॅसलकडे, कर्णधार नॉरगार्ड आर्सेनलकडे आणि प्रशिक्षक थॉमस फ्रँक टॉटनहॅमकडे गेले, तेव्हा उदगीरमधल्या आमच्या फुटबॉल पाहणाऱ्या मित्रमंडळींत एकच सूर होता की मालकाने क्लब मोडीत काढला. हे मत मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. कमी पैशांच्या क्लबने खेळाडू विकण्यात चूक नसते. बदली खेळाडू दावणीला नसताना विकणे ही मात्र घोडचूक असते, आणि ब्रेंटफर्ड ती सहसा करत नाही.

या क्लबच्या मैदानात जेमतेम 17,250 प्रेक्षक मावतात, तर मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डमध्ये 74 हजारांहून अधिक. तिकिटांच्या पैशातून ही दरी कधीच भरून निघणार नाही, म्हणून मालक मॅथ्यू बेनहॅम यांनी खेळाडूंच्या खरेदी-विक्रीलाच उत्पन्नाचे साधन केले. आघाडीचा खेळाडू ओली वॉटकिन्स 2017 मध्ये चौथ्या श्रेणीतल्या एक्सेटरकडून 18 लाख पौंडांना आला आणि 2020 मध्ये 2 कोटी 80 लाख पौंडांना अ‍ॅस्टन व्हिलाला विकला गेला. या नफ्याचे कौतुक सगळेच करतात, पण माझे लक्ष तारखांकडे जाते. वॉटकिन्सचा सौदा 9 सप्टेंबर 2020 रोजी झाला आणि त्याच्या जागेवर खेळणारा आयव्हन टोनी त्याआधीच, 31 ऑगस्टला, पीटरबरोकडून येऊन बसला होता. हंगाम 12 सप्टेंबरला सुरू झाला. टोनीने त्या हंगामात लीगमध्ये 31 गोल केले आणि मे 2021 मध्ये वेम्बलीवरच्या बढतीच्या निर्णायक सामन्यात स्वान्सीला 2-0 ने हरवून ब्रेंटफर्ड 74 वर्षांनी पहिल्या श्रेणीत परतला.

त्या नऊ दिवसांचे मोल मला फार लवकर कळले, कारण लहानपणी मी वडिलांबरोबर हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात जात असे. मृगाच्या तोंडावर ज्याच्या घरी एकच बैल उरला आहे, तो माणूस बाजारात शिरला की व्यापाऱ्यांना त्याची नड लगेच कळते, आणि मग रुमालाखाली बोटे धरली तरी भाव त्याच्या हातात राहत नाही. जाणते शेतकरी दोन दाती गोऱ्हा आधी घेत, त्याला औताला लावून तयार करत, आणि तो चालू लागल्यावरच जुळलेला, म्हणजे सगळे दात आलेला, बैल चांगल्या भावात बाहेर काढत. वॉटकिन्सचे 2 कोटी 80 लाख खिशात पडल्याची बातमी जगभर झाल्यानंतर टोनीची चौकशी केली असती, तर पीटरबरोने सुमारे 50 लाखांतच त्याला सोडले असते का? मला तसे वाटत नाही.

हिशेबाची पद्धतही अशा क्लबच्या बाजूने आहे. पाच वर्षांच्या करारावर घेतलेल्या खेळाडूची किंमत वहीत पाच वर्षांवर विभागून पडते, तर विक्रीचा नफा त्याच वर्षी पूर्ण दिसतो. म्हणून तरुण खेळाडूला लांब करार देणे आणि करार संपत येण्याआधी, खरे तर दोन वर्षे शिल्लक असतानाच, त्याच्याबाबत निर्णय घेणे शहाणपणाचे ठरते.

या धोरणाची किंमत मी नाकारत नाही. 2016 मध्ये ब्रेंटफर्डने आपली अकादमी, म्हणजे मुलांना खेळाडू म्हणून घडवणारी शाळा, बंद केली, कारण घडवलेली मुले मोठे क्लब किरकोळ भरपाई देऊन उचलत होते. व्यवहाराच्या दृष्टीने कारण बरोबर होते, तरी पश्चिम लंडनमधल्या मुलांसाठी तो दरवाजा बंद होणे मला आजही खटकते. पुढे क्लबने अकादमी पुन्हा उघडली याचा मला मनापासून आनंद झाला.

आधी घेतलेला खेळाडू लगेच उपयोगी पडेलच असेही नाही. टोनी ऑगस्ट 2024 च्या अखेरीस सौदी अरेबियातल्या अल-अहलीकडे गेला, आणि त्याच्या जागेसाठी बेल्जियममधल्या क्लब ब्रुजच्या इगोर थियागोचा सौदा त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ठरला होता. हंगामाच्या आधीच थियागोच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि ते वर्ष जवळपास वाया गेले. तरीही संघ कोसळला नाही, कारण एम्ब्यूमोने लीगमध्ये 20 आणि विसाने 19 गोल केले. हा एम्ब्यूमो 2019 मध्ये फ्रान्समधल्या त्र्वा क्लबकडून 58 लाख पौंडांना घेतलेला होता आणि युनायटेडने त्याच्यासाठी सुरुवातीलाच साडेसहा कोटी मोजले.

विसा मात्र 1 सप्टेंबर 2025 ला, खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत संपण्याच्या दिवशी गेला. जाण्यासाठी तो हटून बसला होता, तरी क्लबने साडेपाच कोटी पौंड मिळेपर्यंत त्याला सोडले नाही. एवढे ताणून धरता आले, कारण थियागो तोवर बरा होऊन उभा होता. पुढच्या उन्हाळ्यात त्याच थियागोला मोठ्या क्लबांकडून मागणी आली, तर मी त्याच्या किमतीची चर्चा करत बसणार नाही; त्याआधीच्या फेब्रुवारीत ब्रेंटफर्डने कोणत्या आघाडीच्या खेळाडूशी बोलणी केली होती, ते मी आधी शोधेन.