हिशेबाला लागते फक्त तारीख

पाळीची नोंद ठेवणारं कुठलंही ॲप नव्यानं उघडून बघा. पहिले दोन प्रश्न रास्त असतात: शेवटची पाळी कधी सुरू झाली, आणि साधारण किती दिवसांनी येते. मग गाडी दुसऱ्याच रुळावर जाते. काल संबंध आले का? साधन वापरलं होतं का? इच्छा कमी, नेहमीची की जास्त? पांढरं जातं ते चिकट की पाणीदार, वास येतो का? पोट साफ झालं का? रडू आलं का? मूल हवंय, नकोय, की बघू? शेजारच्या वहिनींनी यातले निम्मे प्रश्न विचारले असते तर आपण दाराला आतून कडी लावली असती. इथे मात्र गुलाबी गोल चित्रांवर बोट ठेवत जातो, ठाणे-वाशी लोकलच्या लेडीज डब्यात उभ्या उभ्या, आणि ऐरोली यायच्या आत वीस उत्तरं देऊन झालेली असतात.

प्रश्नच अश्लील आहेत असं मला म्हणायचं नाही. राम मारुती रोडवरच्या दवाखान्यात पडद्यामागे डॉक्टरबाई हेच विचारतात आणि त्यांनी विचारलंच पाहिजे. लाजून लपवलं तर निदान चुकतं. पण त्यांचा प्रत्येक प्रश्न पुढच्या कशाला तरी बांधलेला असतो. खाज आहे का विचारलं तर पुढे बुरशीवरचं औषध आहे. संबंधांनंतर रक्त दिसतं का विचारलं तर पुढे गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी आहे. ॲपच्या प्रश्नापुढे काय असतं?

पुढची तारीख काढण्याचं मूळ गणित चौथीतल्या मुलीला जमेल असं आहे. मागच्या तीन ते सहा पाळ्यांचे पहिले दिवस घ्यायचे, त्यांच्यातल्या अंतरांची सरासरी काढायची आणि ती शेवटच्या तारखेत मिळवायची. बीज कधी सुटेल हे उलटं मोजतात: येणाऱ्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी. चक्र 30 दिवसांचं असेल तर 16व्या दिवसाच्या आसपास. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, बीज जेमतेम एक दिवस, म्हणून 11 ते 16 हे सहा दिवस रंगवून दाखवले जातात. झालं. काल रात्री काय झालं, कोण रडलं, कोणाचं पोट साफ झालं, यातलं काहीही या बेरीज-भागाकारात कुठे बसत नाही.

आणि हे गणित फसतं ते माहिती कमी दिल्यामुळे नाही. 14 हा आकडाच सरासरीचा आहे. आजारपण, जागरण, ताण यांनी बीज सुटणंच पुढे ढकललं जातं, त्यामुळे पाळी लांबली तर ती बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्यात लांबलेली असते, आणि ॲपला ते पाळी येईपर्यंत कळत नाही. पीसीओएस, म्हणजे हार्मोन्सच्या बिघाडानं पाळी अनियमित होण्याचा विकार, असलेल्या बाईची एक पाळी 35 दिवसांनी आली, पुढची 70 दिवसांनी, तर सरासरी येते साडेबावन्न. तशी पाळी तिला एकदाही आलेली नाही, तरी पडद्यावर ठाम तारीख येते. त्या रंगवलेल्या दिवसांच्या बाहेर सगळं 'सुरक्षित' समजून साधन टाळणं हा शुद्ध जुगार आहे.

आपल्याकडची खास भानगड वेगळीच. गौरी-गणपतीत पाळी नको म्हणून नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या घेतल्या जातात. नेहमीची पद्धत म्हणजे 5 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, तारखेच्या तीन दिवस आधीपासून, आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत रक्तस्राव. (ज्यांना कधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली आहे त्यांना ही चालत नाही, मेडिकलवाल्याच्या सल्ल्यावर घेण्याची गोळीच नव्हे ती.) आता ॲपचं बघा. तुमच्या आधीच्या तीन पाळ्या 29-29 दिवसांच्या होत्या आणि गणपतीतली ओढूनताणून 41 दिवसांची झाली. सरासरी झाली 32. पुढची तारीख तीन दिवस चुकली आणि बीज सुटण्याचा अंदाजही तेवढाच सरकला. या महिन्यात पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली का, हा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारला असता, आणि हो म्हटलं तर ते चक्र सरासरीतून वगळलं असतं. तुमच्या ॲपमध्ये चक्र वगळायची सोय असेल तर ती नवरात्राच्या आधी शोधून ठेवा.

सगळेच खोलातले प्रश्न फालतू असतात असंही नाही. मूल हवं म्हणून प्रयत्न चालू असतील तर स्रावाची नोंद खरंच उपयोगी आहे: कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा, ताणला तर तार येणारा, म्हणजे बीज सुटायची वेळ जवळ आली. तापमानाचंही तसंच, पण ते नीट घेतलं तर. डोळे उघडल्या उघडल्या, अंथरुणातून न उठता, चहाच्या आधी, रोज एकाच वेळी, दशांशानंतर दोन आकडे दाखवणाऱ्या थर्मामीटरनं. बीज सुटल्यावर ते 0.2 ते 0.5 अंश सेल्सिअसनं चढतं आणि पाळीपर्यंत चढलेलं राहतं. म्हणजे ते आधी काही सांगत नाही, होऊन गेलेलं सांगतं. महापेच्या कंपनीत रात्रपाळी करून तीन तास झोपलेल्या मुलीनं हा आकडा भरला काय आणि लॉटरीचा नंबर भरला काय.

मग बाकीची उत्तरं जातात कुठे? ॲप बनवणारे त्यात दुसऱ्या कंपन्यांचे तयार तुकडे घालतात, जाहिरातींचा आणि वापराचा हिशेब ठेवायला. तुम्ही एखाद्या चित्रावर बोट ठेवलं की त्या घटनेची एक ओळ त्या दुसऱ्या कंपनीकडे जाऊ शकते, सोबत तुमच्या फोनचा जाहिरात-क्रमांक. त्यात तुमचं नाव नसलं तरी काम अडत नाही, कारण तोच क्रमांक तुमच्या बाकीच्या ॲपनाही दिसत असतो. फ्लो या जगभर चालणाऱ्या ॲपबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं 2021 मध्ये जी तक्रार केली, तिच्यात अशा एका घटनेचं नाव दिलं आहे: 'आर प्रेग्नन्सी वीक चोझन', म्हणजे गरोदरपणाचा आठवडा निवडला. नावातच सगळं आलं. आत काय भरलं हे बघायचीही गरज नाही, बाई गरोदर आहे हे ओळीच्या मथळ्यावरूनच कळतं. ही माहिती खाजगी राहील असं ॲप सांगत होतं, आणि ती फेसबुक, गूगल यांच्यासारख्यांकडे जात होती. ते प्रकरण दंडाशिवाय तडजोडीनं मिटलं. पुढे 2025 च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीनं याच माहितीवरून मेटाला, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीला, दोषी धरलं. मेटाला तो निकाल मान्य नाही. बीज सुटण्याचा अंदाज देणाऱ्या प्रीमॉम या ॲपला अशाच कारणावरून 2023 मध्ये 1 लाख डॉलरचा दंड झाला.

हे सगळं तिकडचं, असं वाटत असेल तर आपलं उदाहरण घ्या. 2019 मध्ये प्रायव्हसी इंटरनॅशनल या ब्रिटनमधल्या संस्थेनं माया हे भारतीय ॲप तपासलं. गोपनीयतेच्या अटींना हो म्हणायच्या आधीच, ॲप उघडल्याक्षणी, फेसबुकला वर्दी जात होती. संबंध, मूड, गर्भनिरोधक यांच्या नोंदीही पोचत होत्या. बोभाटा झाल्यावर मायानं फेसबुकचे ते तुकडे काढले, हेही सांगायला हवं.

मला सगळ्यात खटकतो तो कायद्यातला फरक. गर्भपात करणाऱ्या डॉक्टरनं त्या बाईचं नाव किंवा तपशील कायद्यानं अधिकार नसलेल्या कोणाला सांगितलं, तर एमटीपी, म्हणजे गर्भपाताच्या कायद्याच्या 5अ कलमाखाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे कलम 2021 च्या दुरुस्तीत आलं. त्याच बाईनं पाळी चुकल्याची, चाचणीच्या दोन रेघांची आणि नंतरच्या रक्तस्रावाची नोंद ॲपमध्ये केली, तर त्या नोंदीला हे कलम लागत नाही. 2011 च्या आयटी नियमांत आरोग्याची माहिती 'संवेदनशील' अशा वेगळ्या खणात तरी होती. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तो खणच नाही. बुटाचा नंबर आणि पाळीची तारीख एकाच पंगतीत. तरी त्याच्या 6व्या कलमात एक चांगलं उदाहरण आहे. टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोनवरून डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या ॲपनं फोनमधल्या संपर्कांची यादी मागितली आणि बाईनं हो म्हटलं, तरी सेवेला ती यादी लागत नाही म्हणून ती संमती धरायची नाही. हीच फूटपट्टी पाळीच्या ॲपला लावा. अडचण एवढीच की नियम 2025 च्या नोव्हेंबरात निघाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर 18 महिन्यांनी लागू व्हायची आहेत.

ऑफिसकडून 'वेलनेस'च्या नावाखाली फुकट मिळणाऱ्या ॲपला तर मी लांबूनच नमस्कार करीन. मालकाला फक्त एकत्रित आकडे दिसतात, असं सांगतात. टीममध्ये आठ बायका असतील आणि आकडा 'गरोदर: 1' असा असेल, तर कोण हे ओळखायला मॅनेजरला ज्योतिषी लागत नाही.

ॲप ठेवायचंच असेल तर थोडी मशागत करा. फेसबुकच्या खात्यानं लॉगिन करू नका; वेगळा ईमेल काढा, खरं नाव आणि जन्मतारीख देऊ नका. लोकेशन आणि संपर्कांची परवानगी काढून घ्या, कारण ठाण्यात आहात की घणसोलीत यानं पाळीची तारीख बदलत नाही. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी किंवा गूगलच्या पानावर 'ॲड्स' सापडेल, तिथे 'डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी' करा. आयफोनवर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन ट्रॅकिंगमधलं 'अलाउ ॲप्स टू रिक्वेस्ट टू ट्रॅक' बंद करा. प्ले स्टोअरवरचा 'डेटा सेफ्टी' रकाना वाचा, पण तो कंपनीनं स्वतः भरलेला असतो हे लक्षात ठेवून. आपल्याच मार्कशीटवर आपणच सही केल्यासारखा. ड्रिप हे ॲप नोंदी फक्त फोनमध्येच ठेवतं. किंमत ही की फोन गेला तर नोंदीही गेल्या, म्हणून अधूनमधून फाइल काढून ठेवावी लागते.

ॲप सोडताना बहुतेकजणी एकच चूक करतात: चित्र दाबून धरतात आणि अनइन्स्टॉल करतात. त्यानं फक्त तुमच्या फोनमधलं ॲप जातं, कंपनीकडचं खातं तसंच राहतं. आधी नोंदी डाउनलोड करा, मग ॲपच्या आतूनच 'डिलीट अकाउंट' करा, ते झाल्याचा मेल आला का बघा, आणि त्यानंतर ॲप काढा.

मेटा आणि गूगलचं एवढं सांगितलं खरं, पण रोजचा धोका बराच जवळचा असतो. लॉक स्क्रीनवर 'आज तुमचे फलदायी दिवस' असं झळकतं तेव्हा फोन डायनिंग टेबलावर चार्जिंगला असतो आणि शेजारी सासूबाई भाजी निवडत असतात. नोटिफिकेशनमधला मजकूर लॉक स्क्रीनवर लपवायची सोय प्रत्येक फोनमध्ये आहे. डॉक्टरांना पाठवायला काढलेला कॅलेंडरचा स्क्रीनशॉटही घरच्यांबरोबर शेअर केलेल्या फोटोंच्या अल्बममध्ये जाऊन बसतो. पाठवला की पुसा.

डॉक्टरांना तरी काय लागतं? मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा, रक्त किती दिवस गेलं, दिवसाला किती पॅड, दुखणं. अंतर वारंवार 24 दिवसांच्या आत किंवा 38 च्या पुढे जात असेल, रक्त आठ दिवसांहून जास्त जात असेल, दहाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडत असतील, किंवा तासातासाला पॅड भिजत असेल, तर ॲपच्या प्रश्नांना उत्तरं देत बसू नका, दवाखाना गाठा.

एवढी माहिती स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मावते. आधीच्या पिढीच्या बायकांनी तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलचं टिंब देऊन हेच केलं, आणि ते टिंब दुधाच्या हिशेबात असं मिसळून जायचं की घरात कोणाला पत्ता लागत नसे. त्यात एकच धोका आहे: जानेवारीत जुनं कॅलेंडर रद्दीत जातं. त्याआधी शेवटची सहा टिंबं नव्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर उतरवून घ्यायची.